टेलच्या फोनचं टॉवरला ऐकू येतं का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढी वारीच्या काळात पालखी मार्गावर मोबाइलला रेंज दिसते पण नेट चालत नाही, अशी बातमी आपल्या अंकात आली. तिच्यावर वाचकांची दोन पत्रंही आली. एका पत्रात ‘टॉवरची पॉवर वाढवा’ अशी मागणी होती, तर दुसऱ्यात ‘कंपन्या मुद्दाम स्पीड दाबतात’ असा आरोप. मी माळशिरस तालुक्यात राहते, पालखी आमच्या दारावरून जाते, आणि एकतीस वर्षं मी अभियांत्रिकीच्या मुलांना दूरसंचार शिकवलं आहे. पहिली मागणी मान्य झाली तर पैसा वाया जाईल आणि दुसऱ्या आरोपामुळे खरा प्रश्न झाकला जाईल, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे. जागा कमी पडली तर मधलं कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

आमच्या अंगणात दरवर्षी एक दिंडी दुपारच्या जेवणाला उतरते. यंदा तिच्यातल्या परभणीकडच्या एका आजींना नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. फोनवर रेंजच्या चारही दांड्या होत्या. कॉल लागायचा, चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा. पाऊण तास आम्ही अंगण, गच्ची, रस्ता असं करत राहिलो. शेवटी आजी म्हणाल्या, “राहू दे माय, पंढरपुरात गेल्यावर बोलंन.” दिंड्या वेळापूरकडे सरकल्या आणि संध्याकाळी त्याच अंगणात माझा फोन सुरळीत चालू लागला.

दुसरा प्रसंग भाद्रपदातला. आमचं दीड एकर रान चारीच्या (कालव्याच्या फाट्याच्या) अगदी टेलला, म्हणजे पाणी सर्वात शेवटी पोचतं त्या टोकाला आहे, ओढ्याच्या अंगाला खोलगटात. पुतण्या ई-पीक पाहणीसाठी मक्याचा फोटो काढून पाठवत होता. तिथे गर्दी नव्हती, माणसं आम्ही दोघंच. फोनवर दोन दांड्या होत्या, तरी फोटो पुढे जाईना. बांधावर चढून हात वर केला तेव्हा गेला.

ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण त्यांची मुळं एका ठिकाणी जवळ येतात. ते ठिकाण म्हणजे फोनने टॉवरला परत कळवायचा निरोप. त्याबद्दल बातमीत आणि पत्रांत एक अक्षरही नव्हतं.

रेंजच्या दांड्या काय सांगतात? टॉवर सतत एक ठरलेला संकेत सोडत असतो, आणि तो किती जोरात ऐकू येतो हे फोन मोजतो. म्हणजे दांड्या टॉवरच्या आवाजाच्या आहेत, आपला आवाज तिकडे पोचतो की नाही याचा त्यांत काहीच हिशेब नाही. टॉवरकडे वीस-चाळीस वॅटची ताकद असते. खिशातला ४जी फोन साधारणपणे जास्तीत जास्त २०० मिलिवॅट, म्हणजे वॅटचा पाचवा भाग लावू शकतो. देवळावरचा भोंगा ओढ्यापर्यंत ऐकू येतो, पण ओढ्यातून मारलेली हाक देवळात येत नाही, तशी ही गोष्ट आहे. भोंग्याचा आवाज कितीही वाढवला तरी हाक मोठी होत नाही.

आणि ही हाक लागतेच. नुसतं पाठवण्यासाठी नाही, टॉवरकडून मिळवण्यासाठीसुद्धा. आपण व्हिडिओ पाहतो तेव्हा आपल्याला वाटतं, टॉवर देतो आणि आपण घेतो. प्रत्यक्षात ४जीमध्ये टॉवर दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाला हजार वेळा, ठरवत असतो की आत्ता कोणत्या फोनला किती जागा द्यायची. ते ठरवण्यासाठी त्याला फोनचे निरोप लागतात: ‘मला आत्ता अमुक दर्जाचं ऐकू येतंय.’ हा दर्जा ० ते १५ अशा एका आकड्यात, चार बिटांत (म्हणजे ० किंवा १ अशा चार खुणांत) मावतो. टॉवरला अनेक अँटेना असतील तर फोन आणखी कळवतो की सिग्नल कोणत्या दिशेने वळवला तर मला बरा पडेल.

हे समजावताना वर्गात मी नेहमी माझ्या वडिलांचं उदाहरण द्यायची. ते नीरा उजव्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे शेतांना पाळीने पाणी सोडणारे कर्मचारी. हंगामाआधी शेतकरी नमुना सातचे पाणीअर्ज भरत: पीक कोणतं, क्षेत्र किती. त्यावरून पाळी लागे. पण अर्ज म्हणजे अर्ज दिला त्या दिवशीची स्थिती. मध्ये वळीव झाला तर वरच्या चारीतल्या रानाला पाण्याची गरज उरत नसे, आणि टेलच्या कोरड्या रानाला पाऊस शिवलेलाही नसे. म्हणून आवर्तन सुटायच्या आधी वडील सायकलवरून टेलपर्यंत जाऊन यायचे. लोकांना ते दार उचलणारे म्हणून माहीत होते. पण त्यांचं खरं काम दार उचलण्याआधी काय चाललंय ते जाणून घेण्याचं होतं. टॉवरमधला पाटकरी सायकलवर जाऊ शकत नाही. त्याच्या हाती फक्त अर्ज असतात, आणि ते मिलिसेकंदांत जुने होतात.

किती जुने? ५जीची जी मधली लहर आपल्याकडे २०२२ मध्ये लिलावात गेली, ती साधारण ३.५ गिगाहर्ट्‌झची. तिची लांबी साडेआठ सेंटिमीटर. भिंती, झाडं, वाहनं यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे चार बोटं फोन सरकला तरी सिग्नल चढतो किंवा पडतो. चालणाऱ्या वारकऱ्याच्या खिशातल्या फोनने दिलेला निरोप साधारण ३५ मिलिसेकंद खरा राहतो. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या एसटीत बसलेल्याचा निरोप दोन-अडीच मिलिसेकंदांतच शिळा होतो. फोनने हा निरोप किती अंतराने द्यायचा हे कंपनी आपल्या यंत्रणेत ठरवते. ४जीत ते अंतर काही मिलिसेकंदांपासून १६० मिलिसेकंदांपर्यंत ठेवता येतं. अंतर कमी ठेवलं तर निरोपांनीच हवा भरून जाते, जास्त ठेवलं तर टॉवर कालच्या अर्जावर आज पाणी सोडतो.

हे चढउतार म्हणजे पूर्वी आमच्या विषयात निव्वळ शत्रू मानले जात. मी शिकले तेव्हाची पुस्तकं त्यांना सपाट कसं करायचं तेच सांगत. १९९५ मध्ये रेमंड नॉप आणि पियरे हंब्लेट या संशोधकांनी उलटा विचार मांडला: माणसं खूप असतील तर कोणाचा ना कोणाचा सिग्नल या क्षणी शिखरावर असतोच, मग त्या क्षणी त्यालाच द्या. पुढच्या क्षणी दुसरा कोणी शिखरावर असेल. म्हणजे गर्दी वाढली की एकूण काम जास्त निघतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो लेख दोन दिवस बरोबर घेऊन फिरत होते.

पण त्यात एक खोट आहे. टॉवरखाली बसलेल्याचं शिखर नेहमीच उंच राहणार आणि ओढ्यातल्याचं नेहमीच ठेंगणं. सर्वात उंच शिखरालाच द्यायचं ठरवलं तर टेलला कधीच पाळी येणार नाही. यावरचा तोडगा अमेरिकेतल्या मोबाइल डेटाच्या सुरुवातीच्या दिवसांत निघाला, आणि २००२ मध्ये प्रमोद विश्वनाथ, डेव्हिड त्से आणि राजीव लारोया यांनी त्याची नीट मांडणी केली. कोणाचा सिग्नल सर्वात मोठा हे पाहायचंच नाही, कोणाचा सिग्नल त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा आत्ता सर्वात वर आहे ते पाहायचं. ओढ्यातला फोन त्याच्या परीने आज चांगला असेल तर त्याची पाळी आधी. वडिलांना हे एका वाक्यात पटलं असतं. याच तिघांनी आणखी एक गंमत दाखवली: गर्दी स्थिर बसलेली असेल, सिग्नल हलतच नसेल, तर अँटेनांनी मुद्दाम आपला झोत हळूहळू इकडून तिकडे फिरवावा, म्हणजे प्रत्येकाला केव्हातरी शिखर मिळेल.

पाळीचा हा नियम निसर्गाचा नाही, माणसाने बसवलेला आहे, हे कृपया लक्षात घ्यावं. त्यात एक खुंटी असते. ती एका बाजूला पिळली की एकूण आकडा फुगतो आणि टेल सुकतं. दुसऱ्या बाजूला पिळली की सगळ्यांना सारखं मिळतं पण एकूण काम कमी निघतं. आपल्या भागात ती कुठे ठेवली आहे, हे ग्राहकाला कुठेही कळत नाही.

आता ‘पॉवर वाढवा’ या मागणीकडे येते. अनेक अँटेनांचा खरा फायदा एकेकाला पाळीपाळीने देण्यात नाही. एकाच क्षणी, एकाच लहरीवर, चार जणांना चार वेगवेगळ्या झोतांनी देता येतं. त्यासाठी प्रत्येक झोत इतर तिघांच्या फोनवर पडू नये अशा बेताने वळवावा लागतो, कारण माझा झोत म्हणजे शेजाऱ्याच्या फोनला गोंगाट. तेवढा बेत साधायचा तर प्रत्येक फोनने आपली दिशा बारकाईने कळवायला हवी. किती बारकाईने? निहार जिंदाल यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला: टॉवरची ताकद वाढेल तसे निरोपाचे बिटही वाढायला हवेत. चार अँटेना आणि गोंगाटाच्या शंभरपट सिग्नल असेल तर प्रत्येक फोनकडून साधारण २० बिटांची दिशा लागते. ४जीमधली चार अँटेनांसाठीची ठरलेली यादी १६ दिशांची आहे, म्हणजे चार बिट. निरोप तेवढाच ढोबळ ठेवून ताकद वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर वेग वाढायचा थांबतो, कारण वाढवलेली ताकद जशी माझ्या फोनवर पडते तशीच शेजाऱ्याच्याही फोनवर सांडते. चारीला चर पडलेले असताना कालव्यात जास्त पाणी सोडण्यासारखं आहे हे. पत्रलेखकांची कळकळ मला समजते, पण पॉवर वाढवून आजींचा कॉल लागला नसता.

५जीत यावर उपाय आहेत. निरोपाची एक सविस्तर पद्धत आहे, ती शेकडो बिटांवर जाते. दुसरी वाट जास्त सुंदर आहे. मधल्या लहरीवर टॉवर आणि फोन एकाच लहरीवर आळीपाळीने बोलतात, त्यामुळे जाण्याची आणि येण्याची वाट एकच असते. फोनने एक ठरलेला छोटा संकेत द्यायचा आणि टॉवरने त्यावरून सगळं स्वतः मोजायचं, लांब अर्जाची गरजच नाही. थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये याच पायावर शेकडो अँटेनांचं गणित उभं केलं. पण इथेही फोनची क्षीण हाक टॉवरपर्यंत पोचायला हवी, आणि माणसं हजारोंनी असली तर हाकांनाही पाळी लावावी लागते. शिवाय खोलगटातला फोन ही मधली लहर सोडून खालच्या लहरीवर उतरतो, आणि तिथे जाण्याची लहर वेगळी, येण्याची वेगळी. म्हणजे टेलला पुन्हा अर्जावरच अवलंबून राहणं आलं.

गर्दीसाठी संशोधकांनी निरोप कमी करण्याच्या युक्त्याही काढल्या आहेत. २००४ मध्ये गेस्बर्ट आणि अलुइनी यांनी सुचवलं की ज्याचा सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर आहे त्यानेच बोलावं, बाकीच्यांनी गप्प राहावं. २००५ मध्ये शरीफ आणि हसीबी यांनी दाखवलं की टॉवरने यादृच्छिक दिशांना काही झोत सोडावेत आणि प्रत्येक फोनने एवढंच कळवावं की यातला कोणता मला बरा पडतो आणि किती. माणसं पुरेशी असतील तर या तोकड्या निरोपावरही काम जवळजवळ तितकंच होतं. वारीसारख्या गर्दीला या कल्पना शोभतात. माझी शंका एकच आहे. जी युक्ती कमी ऐकू येणाऱ्याला गप्प बसवते ती राबवताना पातळी कोणाच्या मापाने ठरवली? सगळ्यांना एकच पातळी लावली तर ओढ्यातला फोन कायमचाच गप्प. प्रत्येकाच्या स्वतःच्या सरासरीवरून पातळी लावली तर त्यालाही बोलायची संधी.

हा विषय परका वाटू नये म्हणून एक आठवण देते. ज्यांच्या कामावर आजची अनेक अँटेनांची पद्धत उभी आहे त्यातले थॉमस कैलाथ १९३५ मध्ये पुण्यात जन्मले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये दूरसंचारची पदवी घेऊन एमआयटीत गेले. मीही त्याच महाविद्यालयातली, फार नंतरची. तरुणपणी त्यांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता: सतत बदलणारी वाट मोजता तरी येते का? त्यांचं उत्तर असं होतं की लहरींच्या येण्यातला विलंबाचा पसारा (पहिली आणि शेवटची लहर यांत किती वेळ जातो) आणि बदलाच्या वेगाचा पसारा (वाट सेकंदाला किती वेळा बदलते) यांचा गुणाकार एकाहून कमी असेल तरच ती मोजता येते. पुढे स्टॅनफर्डला त्यांच्याबरोबर आरोग्यस्वामी पॉलराज आले. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात घडलेला हा नौदल अधिकारी. अनेक अँटेनांनी एकाच लहरीवर अनेक प्रवाह पाठवण्याचं पेटंट १९९४ मध्ये या दोघांना मिळालं. आपल्या मुलांना हे सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा आमच्या गावाकडे. भाद्रपदातल्या प्रसंगानंतर मी कंपनीकडे तक्रार केली. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊनही ओढ्यात तेच झालं. एक तरुण इंजिनीयर आला, सौजन्याने वागला. त्याने डांबरी रस्त्यावर गाडीत बसून मोजलं. आकडा उत्तम आला. मी म्हटलं, “खाली रानात चला.” तो आला. सिग्नल मोजायच्या डीबीएम या मापात (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण) रस्त्यावर उणे ८६ होतं ते खाली उणे ११४ झालं. डाउनलोड रडतखडत चाललं, अपलोड उभंच राहिलं. तो म्हणाला, “मॅडम, आमच्या नकाशात हे हिरवंच दिसतं.” तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या नकाशात टॉवरचा आवाज होता आणि तो आवाज तिथे येत होता.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांप्रमाणे कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर व्याप्तीचे नकाशे द्यावे लागतात. हे चांगलं पाऊल आहे, त्याचं मी स्वागतच करते. पण त्या हिरव्या रंगात परतीची वाट धरलेली नाही. आणि वेगाचे जे आकडे जाहिरातीत येतात ते सरासरीचे किंवा शिखराचे. कालव्याच्या सुरुवातीला पाणी मोजून सगळ्या तालुक्याचं ओलीत झालं असं कोणी म्हणत नाही.

माझी मागणी नवी नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये ५जीसाठी जे निकष ठरवले त्यात सरासरीबरोबरच पाचव्या शतमानाचा निकष आहे, म्हणजे शंभरातल्या सर्वात कमी मिळणाऱ्या पाच जणांच्या काठावर किती मिळतं ते. तंत्रज्ञान मान्य करून घेताना हा आकडा संगणकावर सिम्युलेशन करून दाखवावा लागला होता. तोच आकडा आता प्रत्येक तालुक्यासाठी प्रत्यक्ष मोजून कंपन्यांनी दर तिमाहीला प्रसिद्ध करावा. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा असावा: त्या भागातल्या फोनांचे किती निरोप टॉवरला नीट ऐकू आले. यासाठी नवी यंत्रं नकोत. निरोप ऐकू आला की नाही याची नोंद टॉवरकडे तशीही होत असते. ग्राहकांची नावं नकोत, नंबर नकोत, फक्त तालुका आणि टक्केवारी.

आणि पालखी मार्गासाठी एक वेगळी विनंती. मुक्कामाच्या गावी जे फिरते टॉवर आणतात ते मोठ्या ताकदीचा एक आणण्याऐवजी कमी ताकदीचे चार आणावेत आणि दिंड्या जिथे उतरतात त्या रानांजवळ ठेवावेत. फोनची हाक लहान आहे, ती वाढत नाही. मग ऐकणाऱ्यानेच जवळ यावं. टॉवरला पुढच्या नेटशी जोडणारी मागची लाइनही त्या चार दिवसांपुरती तेवढी रुंद हवी, नाहीतर निरोप ऐकूनही उपयोग नाही. हे मी विसरलेले नाही.

वडिलांची एक वही माझ्याकडे आहे. तारीख, चारी, दार उचलल्याची वेळ असे रकाने आहेत, आणि शेवटचा रकाना ‘टेलला पाणी पोचल्याची वेळ’. तो रकाना खात्याच्या छापील नमुन्यात नव्हता, त्यांनी पट्टी धरून स्वतः आखलेला आहे. पुढच्या वारीसाठी फिरते टॉवर कुठे उभे करायचे याचा निर्णय वारीच्या आधीच होतो. त्याआधी कोणी मोजायला येणार असेल तर खुडूसच्या रिंगणाच्या माळापासून आमच्या ओढ्यापर्यंत मी चालत घेतलेले आकडे तयार आहेत, आणि सोबत यायलाही मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका
ता. माळशिरस, जि. सोलापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)